जाळ्याखालचा गणपती

वोल्फ्सबुर्ग, ९ मार्च २०२५

दादा,

नमस्कार गृहीत धर. राग आलेला असताना मला तो नीट घालता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू पाठवलेली प्रुफं काल मिळाली. आम्ही कुणी घरात नव्हतो म्हणून पोस्टमन पाकीट शेजारच्या ब्रांटकाकांकडे ठेवून गेला होता. मी ते घेऊन आले आणि कोट न काढता स्वयंपाकघरात वाचायला बसले. सुरुवातीची प्रकरणं सुरेख लागली आहेत. टंक मोठा घेतलास, नकाशा जिथे हवा तिथे आहे, उसाच्या मळ्यावरच्या वस्तीचा फोटोही स्वच्छ उठला आहे. बाबा असते तर त्यांनी तुला शाबासकी दिली असती. मीही देणार होते. मग गणपतीचं प्रकरण आलं आणि चहा तसाच गार झाला.

अंत्वान कुठे गेला, दादा?

माझ्या सासूबाईंनी काय लिहिलं होतं ते तुला परत सांगते, कारण तू ते बहुधा पेन्सिल हातात घेऊनच वाचलंस. मॉरिशसच्या किनाऱ्यावर बेलरोश नावाचं त्यांचं गाव. कोकणातून उसाच्या मळ्यावर नेलेल्या मजुरांनी तिथे पहिल्यांदा गणपती बसवायचा ठरवला, त्या वर्षी मळ्याच्या मॅनेजरनं जमाव करायला बंदी घातली. मूर्ती तयार, आणि ठेवायला जागा नाही. तेव्हा अंत्वान नावाच्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-मिश्र वंशाच्या, कोळ्यानं ती आपल्या होडीच्या खोपटात नेली आणि माशांच्या जाळ्याखाली झाकली. स्वतः ख्रिस्ती असून त्यानं रात्रभर तिच्यापुढे दिवा तेवत ठेवला. तेव्हापासून आजपर्यंत बेलरोशचा गणपती कुठल्याही मराठी घरात जाण्याआधी एक रात्र अंत्वानच्या वंशजांकडे मुक्कामाला असतो, जाळ्याखाली. विसर्जनाची होडीही त्यांचीच.

आणि तुझ्या प्रुफात काय आहे? ‘एका भाविकाने मूर्ती सुरक्षित स्थळी ठेवली.’ संपलं. नाव नाही, होडी नाही, जाळं तर नाहीच. मॅनेजर मात्र जागच्या जागी आहे, कारण गोऱ्या मॅनेजरचं आपल्याकडे कुणालाच वावडं नाही. वर समासात तुझ्या बारीक अक्षरात, ‘रूढीशी विसंगत.’ कुणाच्या रूढीशी? त्या गावाची रूढी हीच आहे. पुण्यात बसून समुद्रापलीकडच्या लोकांचा गणपती दुरुस्त करायचं फक्त आपल्यालाच सुचतं.

प्रकरण होतं तसं लाव. सासूबाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

सुलेखा


वोल्फ्सबुर्ग, ३० मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही, पण नीतावहिनीचा फोन आला. तू तिथेच मागे येरझाऱ्या घालत होतास, मला चपलांचा आवाज येत होता.

वहिनी म्हणाली, “अगं, ह्यांचं म्हणणं असं की इथलं वातावरण बघ. उद्या चार जण छापखान्यासमोर येऊन उभे राहिले, तर तू काय जर्मनीहून धावत येणार आहेस?” आणि मग आवाज खाली आणून, “शिवाय गणपती आणि माशांचं जाळं म्हणजे जरा... तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय?”

कळतंय. पहिलं म्हणणं तर मला चांगलंच कळतं. भीती वाटत असेल तर तसं सरळ सांग, मी ऐकून घेईन, आपण दोघं मिळून काहीतरी विचार करू. पण भीती वाटते हे न सांगता तू रूढीचं नाव पुढे केलंस, याचा मला संताप आहे. आणि जाळ्याचं म्हणशील तर ते जाळं होतं म्हणून मूर्ती वाचली.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. माझ्या लग्नात कपिलच्या आईनं बाबांना विचारलं होतं, “तुम्ही गावागावांचे इतिहास छापता ना? आमचं गाव समुद्रापलीकडे आहे, पण मराठी आहे. त्याचं छापाल का?” बाबांनी जेवता जेवता हात थांबवून शब्द दिला होता. ‘गाव आणि माणसं’ या आपल्या मालेत बेलरोश येणार म्हणून त्या बाईनं शाळेत मराठी शिकवता शिकवता वर्षानुवर्षं लोकांच्या पडव्यांत बसून हे पुस्तक गोळा केलं. दुसऱ्या कुणाकडे छापायचं असतं तर केव्हाच छापलं असतं. कपिल म्हणतो, “जाऊ दे, इथेही छापून मिळतं, एका आठवड्यात.” मिळतं. पण त्याच्यावर बाबांच्या छापखान्याचं दिव्याचं चिन्ह नसेल.

आणि आता घाई आहे. सासूबाईंना आम्ही इथे आणलं ते मांडीचं हाड मोडलं म्हणून. हाड जुळलं, पण डोळे चालले. आउगनआर्ट्झ, म्हणजे इथला डोळ्यांचा डॉक्टर, म्हणाला की मधलं दिसणं गेलं आहे, कडेचं तेवढं सध्या उरलं आहे. त्या स्वतः हे जास्त चांगलं सांगतात. “तुझं तोंड दिसत नाही गो, पण कान दिसतात.” असं म्हणून हसतात आणि मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसतात. खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसतात. म्हणजे आम्हाला दिसतात.

कपिलची बहीण शैला ऑगस्टमध्ये इथून बेलरोशला जाणार आहे. पुस्तक तिच्याबरोबर जाऊन या वर्षीच्या गणपतीपुढे ठेवलं जावं, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्याशिवाय त्या माझ्याकडे काही मागत नाहीत, गरम पाणीसुद्धा स्वतः चाचपडत घेतात.

काल ब्रांटकाकांना हे सगळं सांगितलं. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, आता कालव्यावर गळ टाकून बसतात. आत जाऊन त्यांनी आपल्या जन्मगावाचं हायमाटबुख आणलं, गावाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक. इथे अगदी चार घरांच्या गावाचंही असतं. त्यातलं एक पान त्यांनी मला दाखवलं. युद्धानंतर आलेल्या निर्वासितांना गावानं पहिल्या हिवाळ्यात चर्चमध्येही उभं केलं नाही, असं त्यात छापलं आहे, ज्यांनी उभं केलं नाही त्यांच्या आडनावांसकट. “माझ्या आजोबांचं नाव पण आहे,” काका म्हणाले. मी विचारलं, गावात कुणी भांडलं नाही? म्हणाले, “भांडले ना. मग विकत घेतलं.”

सुलेखा


वोल्फ्सबुर्ग, १८ मे

दादा,

एक गोष्ट घडली आहे आणि ती तुला कळायला हवी, कारण तू त्यात आहेस.

सासूबाईंनी प्रुफं वाचून दाखव म्हणून सांगितलं. टाळायचं तरी किती? रोज दुपारी एकेक प्रकरण वाचत गेले. त्या मध्येच थांबवतात, “तिथे विहीर नव्हे, झरा होता,” आणि मी समासात लिहून घेते. आमची नैना शाळेतून आली की दप्तर टाकून तिथेच बसते. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते, आणि आजीशी फ्रेंचमध्ये भांडते, कारण शाळेत तीच भाषा घेतली आहे. या घरात सगळ्यांना सगळं कळतं, फक्त बोलतात वेगवेगळं.

मग गणपतीचं प्रकरण आलं.

तुझं ‘एका भाविकाने’ मला तोंडातून काढवेना. मी प्रुफं बाजूला सारली, त्यांचेच हाताने लिहिलेले कागद घेतले आणि त्यातून वाचलं. अंत्वान, खोपट, जाळं, दिवा, आणि त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी नैवेद्याला केलेली खोबऱ्याची वडी, सगळं. नैनानं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले.

वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या भावानं एक शब्द बदलला नाही?”

मी म्हटलं, “नाही.”

“मोठ्या मनाचा माणूस,” त्या म्हणाल्या. “मला प्रस्तावना घालायची आहे. घे लिहून.”

दादा, मी घेतली लिहून. दुसरं काय करणार होते? मग त्यांच्या सांगण्यावरून दोनदा स्वच्छ करून लिहिली. सोबत जोडली आहे, पण तू पाकीट उघडून नुसतं पत्र वाचून बाजूला ठेवशील म्हणून शेवटचा भाग इथेही देते.

‘हे पुस्तक पुण्याचे श्री. दिनकर यांनी एकही शब्द न बदलता छापले. विशेषतः अंत्वानला त्यांनी त्याच्या नावासकट आणि जाळ्यासकट राहू दिले. दूरच्या माणसांच्या रीती आपल्यासारख्या नसल्या तरी त्या त्यांच्या असतात, हे जाणणारा प्रकाशक आम्हाला मिळाला. बेलरोश गाव त्यांचे ऋणी आहे.’

आता तुझं तू बघ. ही प्रस्तावना आणि ‘एका भाविकाने’ हे दोन्ही एका पुस्तकात मावणार नाही. तुला काय काढायचं ते काढ, पण जे काढशील ते मला एका म्हाताऱ्या बाईला समोर बसून सांगावं लागेल, हे लक्षात ठेव. मी खोटं बोलले हे मला मान्य आहे आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन.

सुलेखा


वोल्फ्सबुर्ग, २ जुलै

दादा,

वहिनी म्हणते, तुझा ठाम समज आहे की प्रस्तावना मीच रचली.

नाही. मला इतकं गोड लिहिता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

वहिनी असंही म्हणाली की तू ती वाचलीस, घडी घालून खिशात ठेवलीस, आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाहीस. तिला वाटतं तू चिडलास. मला तसं वाटत नाही. चिडलास की तू भरपूर बोलतोस.

सासूबाईंना आता कानही दिसत नाहीत. रोज विचारतात, “पुस्तक निघालं का?” मी छातीठोकपणे सांगते, निघेल. तू छापशील असंच मी धरून चालले आहे. पण काल भांडी लावताना एकदम वाटलं, नाही छापलंस तर? तर मी तुझ्याशी बोलणार नाही, असं म्हणायला सोपं आहे. खरं असं आहे की मग मला बोलायला तिथे कुणीच उरणार नाही.

सुलेखा


वोल्फ्सबुर्ग, १४ ऑगस्ट

दादा,

खोकं आलं. घरी नाही, झोलआम्टात, म्हणजे इथल्या कस्टमच्या कचेरीत. भारतातून आलेलं जड खोकं म्हणजे आत काय आहे ते कस्टमवाल्यांना बघायचं असतं, तेव्हा या आणि समोर उघडा, असं पत्र आलं. गाडी काढून ब्राउनश्वाइगला गेले. तुझ्याकडून ना फोन, ना चिठ्ठी, तेव्हा आत काय असेल याची मला काही कल्पना नव्हती. सगळ्या वाटेत मी तुझ्याशी मोठ्यानं भांडत होते. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला.

काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्यानं मला कात्री दिली. सुतळी, मग गोणपाट, मग वर्तमानपत्रं, अजून बाबांसारखंच बांधतोस. वरची प्रत काढली आणि तो काही विचारायच्या आत मी गणपतीचं प्रकरण उघडलं.

अंत्वान होता.

पहिल्याच ओळीत होता. खोपट, होडी, जाळं, दिवा, खोबऱ्याची वडी, सगळं जागच्या जागी. आणि समोरच्या पानावर त्या खोपटाचा फोटो, जो तू मार्चमध्ये ‘अस्पष्ट’ म्हणून परत पाठवला होतास. आता कसा रे स्पष्ट झाला?

अधिकारी म्हणाला, “बाई, हे काय पुस्तक आहे?” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हातानं नुसतं थांब थांब म्हणत होते. शेवटी सांगितलं, एका गावाचा इतिहास आहे. “आख झो, ओर्ट्सक्रोनिक,” म्हणजे ‘अच्छा, गावाची बखर,’ तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्याच्या आईनं म्हणे त्यांच्या गावाचं असंच लिहिलं आहे. त्यानं शिक्का मारला आणि खोकं स्वतः उचलून गाडीत ठेवलं.

शैला परवा बेलरोशला निघते आहे. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त आहेत.

दादा, छापखान्यासमोर कुणी आलं तर मला कळव. मी खरंच येईन. तिकीट काढून येईन आणि तुझ्या शेजारी उभी राहीन.

सुलेखा


वोल्फ्सबुर्ग, ३० ऑगस्ट

दादा,

शैलाचा फोन आला. बेलरोशच्या गणपतीपुढे पुस्तक ठेवलं, पण त्याआधी ते मूर्तीबरोबर एक रात्र अंत्वानच्या पणतवंडांकडे होतं. त्यांना मराठी वाचता येत नाही. शैलानं बोट ठेवून पणजोबांचं नाव दाखवलं, तर घरातली लहानमोठी सगळी एकेक करून त्या नावावर बोट ठेवून गेली.

इथे आमचाही गणपती बसला. सासूबाईंचा हुकूम सुटला होता की या घरातही आधी शेजारी. त्यामुळे आदल्या दिवशी मूर्ती ब्रांटकाकांकडे मुक्कामाला होती. त्यांनी कपाटातून मासे काढायचं जाळं शोधून, धुऊन, वर घातलं आणि गंभीरपणे विचारलं, “ह्यांना रात्री काही खायला लागतं का?”

काल संध्याकाळी मी सासूबाईंना पुस्तक वाचून दाखवायला बसले. मुद्दाम थांबले होते, त्यांना ते गणपतीसमोरच ऐकायचं होतं. त्यांनी आधी ते मांडीवर घेतलं. वरून, कडेनं, पाठीमागून हात फिरवला. बाबांच्या दिव्याचं चिन्ह तू उठावाचं केलं आहेस, तिथे त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला. मग पुस्तक माझ्याकडे देऊन म्हणाल्या, “प्रस्तावनेपासून सुरू कर.”

मी पान उलटलं. अनुक्रमणिका, नकाशा, आणि एकदम पहिलं प्रकरण. पुन्हा मागे गेले. प्रस्तावना नाही. झोलआम्टात मी फक्त अंत्वानला शोधलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू त्याला परत आणलंस आणि स्वतःचं कौतुक तेवढं काढून टाकलंस.

आता काय करणार? दोनदा लिहिली होती, तेव्हा पाठ होती. नकाशाच्या पानावर डोळे ठेवून मी ती स्वल्पविरामासकट म्हटली. नैना उशीत तोंड खुपसून हसत होती.

संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, “सुलेखा, माझं आयुष्य वर्गात गेलं. मूल वाचतंय की पाठ म्हणतंय, एवढं मला डोळ्यांशिवाय कळतं.”

मी पुस्तक मिटलं.

“छापली नाही ना त्यांनी?”

“नाही.”

“बरं केलं. आणि मे महिन्यात तू माझे कागद वाचत होतीस.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“प्रुफाचा कागद कडक असतो. माझे कागद हाताळून हाताळून मऊ झालेत, आवाजच करत नाहीत. त्या दिवशी तुझा सगळा आवाज बंद झाला गो.”

म्हणजे दादा, तू अंत्वानला काढलंस हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कळून त्यांनी मला लिहून घ्यायला बसवलं. मी इतके दिवस समजत होते की या घरात लबाड मी एकटीच आहे.

मी म्हटलं, “आई, मग तुम्ही एवढं कौतुक कशाला सांगितलंत? त्यानं तर तेव्हा एक शब्दही ठेवला नव्हता.”

“नव्हता ना. मी आधी लिहिलं, मग खरं झालं,” त्या म्हणाल्या. “वर्गात एखादं पोर अडून बसलं की त्याचं कौतुक आधी करून ठेवायचं. मग ते तसं वागतं.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “बहुतेक वेळा.”

नैना म्हणाली, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. आजीनं तिच्या आवाजाच्या दिशेनं हात केला आणि नेमका तिचा कान पकडला.

मग मी वाचायला लागले, या वेळी खरंच छापलेल्या पानावरून. अंत्वानपाशी आले तेव्हा त्यांनी पुस्तकाखाली हात धरला आणि प्रकरण संपेपर्यंत काढला नाही. त्यांना काहीही दिसत नव्हतं आणि त्या फार सुखात होत्या. मला तू तिथे हवा होतास. तुला सोडून मला हे दुसऱ्या कुणाला सांगावंसंच वाटत नव्हतं. तेव्हा आता पुरे झालं, फोन कर. वहिनीला मध्ये घालू नकोस आणि मागे चपला वाजवू नकोस.

खोक्यातली एक प्रत तुला परत पाठवते आहे. तिच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर मी सासूबाईंची प्रस्तावना हातानं लिहिली आहे, शाईच्या पेनानं. खाली त्यांनी सही केली आहे. दिसत नसल्यामुळे ती वर सरकली आणि नेमकी तुझ्या नावावरून गेली आहे.

आता खोडून दाखव.

तुझी,
सुलेखा